थ्युसिडिडीज घ्यायचाय: निकोल्स की हॉब्स? आणि हिरोडोटसचं काय?

ग्रीक इतिहासांची जुनी इंग्रजी भाषांतरं जमवायला निघालं की पहिला मोठा प्रश्न हाच पडतो, अथेन्स-स्पार्टा युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीजचं १५५० चं निकोल्सचं भाषांतर घ्यावं की १६२९ चं हॉब्सचं. माझं मत आधीच सांगतो, हॉब्स घ्या. पण निकोल्सच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे.

थॉमस निकोल्स टायटल पानावर स्वतःला लंडनचा नागरिक आणि सोनार म्हणवतो. त्याने ग्रीकला हातच लावला नाही, लोरेन्झो व्हालाने पंधराव्या शतकात लॅटिन केलं, त्यावरून क्लोद द सेसेलने फ्रेंच आणि त्या फ्रेंचवरून याने इंग्रजी, म्हणजे थ्युसिडिडीज तीन हात फिरून येतो आणि वाटेत बरंच काही गळतं. तरीपण इंग्रजीतला हा पहिला थ्युसिडिडीज, ट्यूडर काळातला फोलिओ (मोठ्या आकाराचं पुस्तक), बाजारात क्वचितच दिसतो. तुम्हाला जे ते पहिलंच हवं असेल तर याला पर्याय नाही. फक्त कंडिशन निवडायची चैन विसरा, समोर येईल ती कॉपी घ्यायची नाहीतर सोडून द्यायची.

हॉब्स म्हणजे तोच, लेव्हायथन हा राज्यसत्तेवरचा ग्रंथ लिहिणारा, आणि हे काम त्या ग्रंथाच्या बावीस वर्षं आधीचं. थेट ग्रीकवरून केलंय हे टायटल पानावरच छापलंय, आणि निकोल्सचं भाषांतर कसं बिघडत बिघडत आलं ते हॉब्सने वाचकांना उद्देशून लिहिलेल्या मजकुरात स्पष्ट सांगितलंय. ते कोरीव टायटल पान तर नुसतं बघत बसावं! थॉमस सेसिलचं काम आहे, एका बाजूला स्पार्टाचा राजा आर्किडेमस, दुसऱ्या बाजूला अथेन्सचा पेरिक्लीस, आणि खाली एकीकडे मोजकी बडी मंडळी बसून सल्लामसलत करतायत तर दुसरीकडे वक्ता गर्दीसमोर भाषण ठोकतोय. लोकशाहीबद्दल हॉब्सला काय वाटायचं ते पुस्तक उघडायच्या आधीच कळतं.

इथे घोळ होतो तो नकाशांचा. ग्रीसचा घडीचा नकाशा हॉब्सने स्वतः तयार केलेला, आणि अशा जुन्या पुस्तकांतून नेमके नकाशेच गायब होतात किंवा घडीवर फाटतात. त्यामुळे डीलरकडून प्रत्येक पान आणि नकाशा तपासल्याचं लेखी घ्या, नकाशे पूर्ण उघडून दोन्ही बाजूंचे फोटो मागा, मागून कागद चिकटवून दुरुस्ती केलीय का ते त्यातच दिसतं. टायटल पानावरचं वर्षही नीट बघा, कारण पहिल्या आवृत्तीचीच पानं पुढे नवं टायटल लावून पण विकली गेली. बजेट तोकडं असेल तर १६७६ ची दुसरी, सुधारलेली आवृत्ती घ्या, हॉब्स तेव्हा हयात होता. मला तरी ती कुठेच कमीपणाची वाटत नाही.

थ्युसिडिडीजच्या आधीचा ग्रीक इतिहासकार हिरोडोटस, त्याच्यात निवड सोपी आहे. १५८४ चं, फक्त बी. आर. एवढीच आद्याक्षरं असलेलं, थॉमस मार्शने छापलेलं क्वार्टो (फोलिओपेक्षा लहान आकाराचं पुस्तक) दुर्मिळ खरं, पण टायटल पानावर नऊ भागांचा उल्लेख आणि आत पहिले दोनच. पूर्ण हिरोडोटस इंग्रजीत यायला १७०९ उजाडलं, आयझॅक लिटलबरी, दोन खंड. वाचायचं पण असेल तर सुरुवात यापासूनच करा, आणि बी. आर.च्या गोडीसाठी १९२४ चं पुनर्मुद्रण पुरतं.

थॉमस नॉर्थने १५७९ मध्ये इंग्रजीत आणलेला ग्रीक लेखक प्लुटार्क इतिहासापेक्षा चरित्रांचा, शिवाय तो अम्योच्या फ्रेंच भाषांतरावरून केलेला. शेक्सपिअरने ज्युलियस सीझर, कोरिओलेनस यातूनच उचलले, त्यामुळे शेक्सपिअरवाले कलेक्टरही त्याच्या मागे असतात. मी त्या स्पर्धेत उतरणार नाही.

ठेवायचं कुठे हेही आधी ठरवा. त्या काळचा चिंध्यांचा कागद एकोणिसाव्या शतकाअखेरच्या कागदापेक्षा कितीतरी टिकाऊ, पण मुंबई-कोकणातली दमट हवा आणि कसर त्यालाही सोडत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी तर जास्तच विचार करा, शंभर वर्षांहून जुनं पुस्तक एकदा भारतात आणलं की परत बाहेर न्यायला १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो.