बाबांची नवी झडप : नऊ महिने वापरल्यानंतर

वाल्व बसवून परवा नऊ महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबले होते.

बाबा 76 वर्षांचे. महाधमनीच्या तोंडाची झडप कॅल्शियम साचून ताठ झालेली. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, रक्ताचा वेग सेकंदाला 4.4 मीटर, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) 46, झडपेचं तोंड 0.8 चौरस सेंटिमीटर. चांगल्या झडपेचं तोंड 3 ते 4 असतं; वेग 4 किंवा ग्रेडियंट 40 झाला की आजार 'सिव्हिअर'.

तरी दीड वर्ष आम्ही नुसते इको काढत बसलो. 'त्रास सुरू झाला की बघू,' असं पहिल्या ठिकाणी सांगितलं होतं. दर सहा महिन्यांनी तोच प्रश्न : दम लागतो? घेरी येते? छातीत दुखतं? बाबांचं उत्तर ठरलेलं, 'छे, काही नाही.' खोटं नव्हतं ते. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या 103 पायऱ्या 'गर्दी फार वाढलीय' म्हणून सुटल्या होत्या. मंडईत जायला रिक्षा लागायची. आंघोळीच्या पाण्याची बादली आई उचलून द्यायची. झडप आखडत गेली तसे बाबाही आखडते घेत गेले, मग दम लागणार कशाने? आईला सगळं दिसत होतं, पण तिला विचारलंच नव्हतं कुणी.

दुसऱ्या डॉक्टरांनी तिलाच विचारलं, 'गेल्या वर्षी करत होते आणि आता करत नाहीत, असं काय आहे?' आई सुरू झाली ती थांबेचना. मग त्यांनी स्वतः समोर उभं राहून बाबांना ट्रेडमिलवर चालवलं. चौथ्या मिनिटाला बीपी वाढायच्या ऐवजी उतरलं. विषय संपला, वाल्व बसवायचं ठरलं.

घरी आल्यावर मी वाचत बसले. 2024 साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले : आजार सिव्हिअर पण त्रास नसलेले 901 रुग्ण. निम्म्यांना लगेच टावी (धमनीतून नळीने नवा वाल्व बसवणं), बाकीच्यांवर लक्ष ठेवलं. लक्ष ठेवलेल्यांपैकी 87 टक्क्यांना पुढे वाल्व बसवावाच लागला. मृत्यूंत मोठा फरक नव्हता, हेही खरं. फरक पडला तो मुख्यतः अचानक अ‍ॅडमिट व्हावं लागण्यात. म्हणजे थांबणं हा गुन्हा नव्हे. आमचं चुकलं ते 'त्रास नाही' हे न तपासता धरून चाललो, तिथे.

बाबांची टावी जांघेतल्या धमनीतून झाली, छाती उघडली नाही. तिसऱ्या दिवशी घरी. आता ग्रेडियंट 10.

तक्रारी? आहेत. बिल बघून आमचीच छाती दुखली, आणि त्यात वाल्वचाच वाटा मोठा. जांघेतला काळानिळा डाग तीन आठवडे होता. पेसमेकर लागेल का, ही धाकधूक पहिले काही दिवस होती, लागला नाही. अ‍ॅस्पिरिन रोज. दात काढायचा तर आधी अँटिबायोटिक, आणि हे दंतवैद्याला आपणच आठवणीने सांगायचं. दरवर्षी इको. हा वाल्व किती वर्षं टिकेल, याचं नेमकं उत्तर कुणीच देत नाही.

गेल्या महिन्यात बाबा पर्वती चढले, मध्ये दोनदा टेकून. गर्दी होतीच.

बादली मात्र अजून आईच उचलते. विचारलं तर म्हणतात, 'जड उचलू नका असं डॉक्टरांनीच सांगितलंय.' बाबा, ते पहिल्या काही दिवसांपुरतं होतं.