मालिकी मोरोक्को की शाफई मलेशिया? प्रबंधासाठी देश निवडताना

सरकार एखाद्या मजहबला (इस्लामी कायद्याची एक परंपरा; मालिकी, शाफई, हनफी आणि हंबली हे चार सुन्नी मजहब) पाठबळ देतं म्हणजे नक्की काय करतं, हा प्रबंधाचा विषय असेल तर मोरोक्को आणि मलेशिया यांच्यातच निवड होते. माझा कौल मलेशियाला. तरी मोरोक्कोचा मोह पडणं स्वाभाविक आहे.

तिथला राजा हाच ‘अमीर उल मोमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचा प्रमुख. 2003 मध्ये कासाब्लांकात बॉम्बस्फोट झाले आणि त्यानंतर सरकारने धार्मिक कारभाराची घडी नव्याने बसवली. मालिकी मजहब तिचा कणा ठरला. 2011 च्या राज्यघटनेनुसार अधिकृत फतवा देण्याचा हक्क फक्त उच्च उलेमा (धर्मपंडित) परिषदेला, आणि तिचा अध्यक्षही राजाच. 2015 मध्ये रबातला इमामांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. मालीसारख्या देशांतले विद्यार्थीही तिथे शिकतात, त्यामुळे फिकह (इस्लामी कायदेशास्त्र) परराष्ट्र धोरणात जाऊन बसला.

खरी मेख 2004 च्या कौटुंबिक कायद्यात आहे. मालिकी मतानुसार स्त्रीच्या निकाहाला वली (पुरुष पालक) हवाच. या कायद्याने सज्ञान स्त्रीला स्वतःचा निकाह स्वतः करण्याची मुभा दिली, जी हनफी मताशी जुळते. आणि याच कायद्याचं कलम 400 म्हणतं, इथे नसेल ते मालिकी मजहब आणि इज्तिहादाच्या (मूळ स्रोतांवरून स्वतंत्र विचार करून मत काढणे) आधारे ठरवा. मजहब कुठे धरायचा, कुठे सोडायचा, याची सूत्रं राजाच्या पुढाकाराकडे.

मलेशियाने हीच गोष्ट कलमात बांधली आहे. क्वालालंपूरसह संघीय प्रदेशांना लागू असलेल्या 1993 च्या कायद्याचं कलम 39 वाचाच. मुफ्तीने (फतवा देणारा धर्माधिकारी) एरवी शाफई मजहबातलं मान्य मत धरायचं. ते जनहिताला बाधक ठरत असेल तर हनफी, मालिकी किंवा हंबली मत घेता येतं. बाहेर पडायचं दार कोणतं आणि ते कधी उघडायचं, दोन्ही लेखी! राजपत्रात आलेला फतवा तिथल्या मुसलमानांवर बंधनकारक होतो, म्हणून या कलमाला एवढं वजन. मला हे अधिक प्रामाणिक वाटतं, कारण त्यावर बोट ठेवून वाद घालता येतो.

भारताशी ताडून पाहायचं तरी मलेशियाच सोयीचा. आपल्या 1937 च्या शरीयत कायद्यात कोणत्याही मजहबचं नाव नाही. कोकणी मुसलमान शाफई आहेत, फजरच्या (पहाटेच्या) नमाजात कुनूत ही खास दुआ पढतात. ही परंपरा सरकारी आधाराशिवाय टिकली. रत्नागिरीच्या मुलाखती आणि मलेशियाची कलमं शेजारी ठेवली की प्रबंधाला धार येईल.

भाषेचाही विचार करा. मलेशियाचे संघीय कायदे इंग्रजीत मिळतात. मोरोक्कोसाठी अरबी किंवा निदान फ्रेंच हवी. ती येत असेल आणि विषय कायद्यापेक्षा राजसत्तेचा असेल, तर मोरोक्को खुशाल घ्या. मलेशिया घेतलात तर पर्लिसवर स्वतंत्र प्रकरण ठेवा: त्या राज्याने शाफई मजहबची सक्ती स्वीकारलेली नाही.