स्वच्छ ऊर्जा निर्देशांक फंड: एका जुन्या गुंतवणूकदाराचे परीक्षण

जगभरातील स्वच्छ ऊर्जा कंपन्यांच्या निर्देशांकावर (म्हणजे त्यांच्या समभागांच्या भावांच्या एकत्रित मापावर) बेतलेल्या एका युरोपीय फंडात मी जानेवारी 2021 मध्ये, म्हणजे या क्षेत्राचे भाव नेमके शिखरावर असताना, पैसे घातले. फंडाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे मांडलेली तक्रार या जातीच्या बहुतेक फंडांना कमीअधिक प्रमाणात लागू पडते.

व्यवस्थापन शुल्क माफक आहे, निर्देशांकाच्या आणि फंडाच्या परताव्यातील तफावत नगण्य आहे, समभागांची यादी दरमहा वेळेवर येते. तेव्हा कारभारात बोट ठेवायला जागा नाही. खोट आहे ती विक्रीच्या भाषेत. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर हिरवे कुरण, तीन पवनचक्क्या आणि 2015 च्या पॅरिस कराराचा उल्लेख आहे, आणि ते पाहून वाचणाऱ्याचा समज असा होतो की जग जसजसे कोळसा सोडत जाईल तसतसा आपला पैसा वाढत जाईल. प्रत्यक्षात सौर पॅनेल दरवर्षी आधीपेक्षा जास्त बसत गेली आणि माझ्या युनिटचे मूल्य मात्र निम्म्याच्याही खाली उतरले.

याचे पहिले कारण व्याजदर. वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या खर्चात इंधनाचा वाटा मोठा असतो आणि तो वर्षानुवर्षे थोडाथोडा द्यायचा असतो. पवनचक्कीला वारा फुकट मिळतो, पण जवळजवळ सगळे भांडवल आधीच ओतावे लागते आणि त्यातले बरेचसे कर्जाऊ असते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च 2022 ते जुलै 2023 या काळात व्याजदर शून्याजवळून 5.25 ते 5.50 टक्क्यांच्या पट्ट्यात नेले, तेव्हा त्याच वाऱ्याची वीज कागदावर महाग झाली. ब्रिटनमध्ये नव्या प्रकल्पांना विजेच्या ठरावीक दराची हमी देणाऱ्या सप्टेंबर 2023 च्या सरकारी लिलावात समुद्रातील पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही, कारण सरकारने ठरवलेल्या कमाल दरात हिशेबच बसत नव्हता. पुढच्या फेरीसाठी ती मर्यादा, 2012 च्या किमतींनुसार, मेगावॉट तासामागे (म्हणजे हजार युनिट विजेमागे) 44 पौंडांवरून 73 पौंडांवर न्यावी लागली. हे सगळे माहितीपत्रकात ‘बाजारातील जोखीम’ या दोन शब्दांत उरकलेले आहे.

दुसरे कारण राजकारण. अमेरिकेने ऑगस्ट 2022 च्या कायद्याने स्वच्छ ऊर्जेला दीर्घ मुदतीच्या करसवलती दिल्या, आणि तीन वर्षेही पुरी होण्याआधी, जुलै 2025 मध्ये, नव्या कायद्याने पवन व सौर प्रकल्पांच्या सवलतींना कात्री लावली: सवलत हवी तर 4 जुलै 2026 पर्यंत बांधकाम सुरू करा, नाहीतर 2027 अखेरपर्यंत प्रकल्प कार्यान्वित करा. प्रकल्पाचे आयुष्य पंचवीस वर्षांचे आणि धोरणाचे एका निवडणुकीपुरते, हे गणित जुळवताना कंपन्यांची काय तारांबळ उडत असेल, याची कल्पना करावी. स्पेनने तर 2010 नंतर आधीच उभ्या राहिलेल्या सौर प्रकल्पांना कबूल केलेले दरही मागे घेतले होते, त्यामुळे हा धोका नवा होता असे फंडाला म्हणता येणार नाही.

नावाचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. फंडाच्या नावात ‘शाश्वत’ यासारखा शब्द असेल तर किमान 80 टक्के गुंतवणूक त्या उद्दिष्टाशी सुसंगत असावी, असे युरोपीय नियामकाचे मार्गदर्शक तत्त्व जुन्या फंडांना मे 2025 पासून लागू झाले. त्याच सुमारास मला एक पानी पत्र आले, ज्यात हा शब्द नावातून गाळल्याचे कळवले होते. मी नाव बदलण्याआधीची आणि नंतरची समभागांची यादी शेजारी ठेवून पाहिली. कंपन्या त्याच होत्या.

पाचपैकी अडीच गुण देतो, आणि तेही कमी शुल्कासाठी. व्याजदर व सरकारी धोरण यांवर पैज लावत आहोत हे ठाऊक असलेल्याने पोर्टफोलिओतला लहानसा हिस्सा येथे ठेवायला हरकत नाही. मी निम्मे युनिट विकले. पैसे तिसऱ्या दिवशी खात्यात जमा झाले. फंडातल्या किती कंपन्यांचे उत्पन्न करसवलतींवर अवलंबून आहे, असे ग्राहक सेवेला लेखी विचारले असता उत्तरादाखल तेच माहितीपत्रक आले, हिरव्या कुरणासकट.