जुन्या पंपाची गाडी, बीएस-४ की नवी बीएस-६ : एकाच ट्रकच्या मालकासाठी तुलना

एकच सहाचाकी ट्रक घ्यायचा, तो स्वतः चालवायचा आणि त्याच्या भाड्यावर घरखर्च व हप्ता दोन्ही भागवायचे, असे ठरवणाऱ्यापुढे आज तीन पिढ्यांच्या गाड्या असतात. (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरासाठीचे सरकारी निकष; आकडा जितका मोठा तितका निकष कडक.) पहिली पिढी २०१७ पूर्वीची, म्हणजे बीएस-३ किंवा त्याहून जुनी, बहुतांशी यांत्रिक पंपाची. दुसरी एप्रिल २०१७ ते मार्च २०२० या तीन वर्षांत विकली गेलेली बीएस-४. आणि तिसरी १ एप्रिल २०२० पासूनची बीएस-६. नाशिक जिल्ह्यातून कांदा, द्राक्षे आणि मिळेल तो परतीचा माल वाहताना या तिन्ही प्रकारच्या गाड्या माझ्या मालकीच्या झाल्या. शेवटची अजून चालू आहे. अ‍ॅव्हरेज आणि किंमत यांची चौकशी सगळेच करतात, पण माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : ही गाडी रस्त्यात बंद पडली तर ती कोण, कुठे आणि किती वेळात चालू करून देणार?

जुन्या गाडीपुरते या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. माझी पहिली गाडी टाटा १६१३ होती. तिच्या इनलाइन पंपात, ज्याला गॅरेजवाले आजही मायको पंप म्हणतात, प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर असतो आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी थेट पंपाच्या लिव्हरला जोडलेली असते. मध्ये ना सेन्सर, ना संगणक. अशा गाडीचा बिघाड सहसा आधी कळवून येतो. नोझल खराब होऊ लागले की काळा धूर वाढतो, पंपाची सेटिंग बिघडली की चढाला दम लागतो, हेड गॅस्केट जाण्यापूर्वी पाणी कमी होऊ लागते. बिजासन घाट चढताना एकदा फिल्टर चोक होऊन पंपात हवा शिरली आणि गाडी जागेवर थांबली. चाकांमागे दगड लावून, फिल्टर बदलून, त्याच्यावरचा बोल्ट दोन आटे सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचे : आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग तुटक तुटक डिझेल, आणि सलग धार लागली की बोल्ट आवळायचा. बॅटरीच्या उजेडात, फिटर न बोलावता, हे काम अर्ध्या तासात उरकते. पंप कॅलिब्रेशन आणि नोझल तर आग्रा रोडवर मालेगाव, धुळे, शिरपूर अशा कोणत्याही गावात करून मिळते.

तरीही लांबच्या धंद्यासाठी ही गाडी आज घेऊ नये असे मी स्पष्टपणे सांगतो, आणि त्याचे कारण इंजिन नसून कागदपत्रे हे आहे. दोन आसांच्या, म्हणजे सहाचाकी, ट्रकला बारा वर्षांच्या वयानंतर नॅशनल परमिट (राज्याबाहेर माल वाहण्याचा परवाना) मिळत नाही. मल्टीअ‍ॅक्सल, म्हणजे दोनाहून जास्त आसांच्या, गाडीला ही मर्यादा पंधरा वर्षे आहे. बीएस-३ गाड्यांची विक्री ३१ मार्च २०१७ नंतर बंद झाली, म्हणजे सर्वांत उशिरा रस्त्यावर आलेली बीएस-३ सहाचाकीसुद्धा २०२९ मध्ये राज्याबाहेरच्या भाड्याला मुकणार. त्यातच दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या बीएस-३ आणि त्याहून जुन्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश नाही, त्यामुळे आझादपूर मंडीचा कांदा या गाडीच्या हातून आताच गेला आहे. पंधरा वर्षे उलटलेल्या अवजड गाडीच्या पासिंगची, म्हणजे फिटनेस तपासणीची, फी १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये झाली आणि पुढेही ती वाढवली गेली. शिवाय तिच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) १६.२ टन एकूण वजन नोंदलेले असते. पूर्वी या आकड्याकडे कोणी फारसे पाहत नसे. आता टोलनाक्यावरच्या वजनकाट्यामुळे ते दिवस संपले.

जिल्ह्यातल्या जिल्ह्यात वीट, खडी, ऊस किंवा बाजार समितीचा माल वाहायचा असेल, तर मात्र हीच गाडी पुष्कळांना परवडते, कारण तिच्यावर हप्ता नसतो आणि ती दोन दिवस उभी राहिली तरी डोक्यावर व्याज चढत नाही.

बीएस-६ गाडीचे गणित याच्या अगदी उलट आहे. कॉमन रेल पद्धतीत, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून पुरवठा होतो त्या पद्धतीत, डिझेल सोळाशे बारच्या पुढच्या दाबाने फवारले जाते, ते किती आणि कोणत्या क्षणी हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो, आणि धूर बाहेर पडण्याआधी त्यातली काजळी डीपीएफ फिल्टरमध्ये अडवली जाते व नायट्रोजनची ऑक्साइडे युरियाच्या द्रावणाने कमी केली जातात. चालवणाऱ्याला याचे फायदे पहिल्या दिवसापासून जाणवतात. कमी आरपीएमला ओढ मिळते, घाटात गिअर कमी बदलावे लागतात, केबिनमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. याला चैन समजणाऱ्याने मे महिन्यात जुन्या गाडीत, बॉनेटखालच्या इंजिनाची धग पायांवर घेत, दुपारी शिरपूर ते इंदूर जाऊन पाहावे. पुढे गाडीवर ड्रायव्हर ठेवायचा विचार असेल तर ही बाब आणखी महत्त्वाची ठरते, कारण तरुण ड्रायव्हर आता गाडी कोणती आहे हे पाहूनच होकार देतात.

अ‍ॅव्हरेजचा फरक खरा आहे, पण विक्रेता सांगतो तितका तो निर्णायक नाही. भरल्या गाडीला जुनी लिटरला पाचच्या आसपास जात असे, नवी सहाच्या आसपास जाते. महिन्याला ८,००० किलोमीटर धावल्यास १,६०० लिटरऐवजी सुमारे १,३३० लिटर डिझेल लागते. ९० रुपये भाव धरला तर बचत २४,००० रुपयांच्या घरात जाते, आणि त्यातून युरियाच्या द्रावणाचा खर्च, शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार-पाच लिटर, वजा करावा लागतो. हौद्यासह गाडी २५ लाखांच्या पुढे जाते. २० लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ४३,००० रुपये बसतो. डिझेलच्या बचतीतून हप्ता फिटेल हे ज्याने कोणी सांगितले असेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. हप्त्याची उरलेली बाजू वजन उचलते : जुलै २०१८ मध्ये दोन आसांच्या ट्रकची मर्यादा १६.२ वरून १८.५ टनांवर गेली आणि आजच्या सहाचाकी १८.५ ते १९ टनांच्या आहेत, त्यामुळे कायदेशीरपणे दोन टनांहून अधिक, म्हणजे पन्नास किलोच्या चाळीसहून जास्त गोण्या, प्रत्येक फेरीत जादा भरता येतात. दोन्ही बाजूंनी भरलेली गाडी मिळत असेल तरच हे गणित जमते. परतीच्या भाड्यासाठी माल मिळवून देणाऱ्या हुंडेकऱ्याच्या दारात दोन-दोन दिवस थांबावे लागत असेल तर जमत नाही. आणि महिन्याला २,५०० किलोमीटरच होणार असतील, तर डिझेलची बचत साडेसात हजारांवर येते आणि नवी गाडी घेण्याचे कारणच उरत नाही.

आता बिघाडाकडे वळतो. नवी गाडी क्वचित बिघडते, पण बिघडते तेव्हा मालकाच्या हातात काही ठेवत नाही. माझ्या गाडीचा धुरातला एक सेन्सर सेंधव्याच्या पुढे गेला. इंजिन धडधाकट होते, तरी ईसीयूने ताकद कमी केली आणि भरली गाडी चढावर रांगू लागली. ढाब्यावर उभी केली ती रात्री. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. पैसे लागले नाहीत, वॉरंटी होती, वागणूकही चांगली होती. पण गाडीत कांदा होता म्हणून निभावले. द्राक्षे असती तर वॉरंटीने माल भरून दिला नसता. नाशवंत माल वाहणाऱ्याने आपल्या नेहमीच्या मार्गावर त्या कंपनीची वर्कशॉप कुठे कुठे आहेत, त्यांच्यातले अंतर किती आणि रात्री कोणती उघडी असतात, हे शोरूममध्ये न विचारता त्या मार्गावरच्या ड्रायव्हरांना विचारावे.

डीपीएफची एक सवय मुद्दाम सांगण्यासारखी आहे. साठलेली काजळी जाळण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो आणि तो सलग धावणाऱ्या गाडीतच तापतो. गावातल्या गावात थांबत-थांबत फिरणाऱ्या गाडीचा दिवा वारंवार लागतो आणि मग गाडी एका जागी उभी करून, इंजिन आपोआप चढ्या आरपीएमवर चालू देऊन, अर्धा-पाऊण तास रिजनरेशन करावे लागते. त्या वेळी सायलेन्सरच्या तोंडाशी प्रचंड उष्णता असते, म्हणून उसाच्या पाचटाशेजारी किंवा वाळल्या गवतावर हे काम कधीही करू नये. केवळ साखर कारखान्याच्या चार महिन्यांसाठी बीएस-६ घेणारे लोक पाहिले की मला याच गोष्टीची काळजी वाटते.

दुसरी गोष्ट युरियाची. शेतकरी घरातल्या मालकाकडे खताची गोणी असते आणि ती पाण्यात विरघळवून टाकीत ओतायचा मोह होतो. टाकीत लागणारे द्रावण हे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षारविरहित पाणी यांचे असते. खताचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो आणि विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. ओळखीच्या एका गाडीचा द्रावण फवारणारा डोझिंग नोझल उघडला तेव्हा त्याच्या तोंडावर मिठागरासारखा पांढरा कडक थर बसलेला होता आणि तो नोझल पुन्हा चालू झालाच नाही. शिवाय अनुदानित खताचा असा वापर बेकायदा आहे.

राहिली मधली बीएस-४. ही गाडी जुन्या बाजारात बेताच्या किमतीत मिळते, म्हणून बहुतेकांचा कल तिच्याकडे असतो. तिच्यात डीपीएफची कटकट नसते, कॉमन रेलचे अ‍ॅव्हरेज असते, आणि आता बाहेरच्या गॅरेजवाल्यांनाही तिची दुरुस्ती बऱ्यापैकी जमू लागली आहे. मात्र सगळ्या बीएस-४ गाड्या एकसारख्या नाहीत. अशोक लेलँडने या काळात इनलाइन पंप ठेवून ईजीआरचा, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवण्याचा, मार्ग निवडला, भारतबेंझ आणि आयशर यांच्या मोठ्या गाड्या युरियावर चालणाऱ्या होत्या. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला, जवळ मोठे वर्कशॉप नसल्यास, इनलाइन पंपाची बीएस-४ अजूनही सोयीची पडते असे माझे मत आहे. बारा वर्षांच्या नियमाने २०१९ ची गाडी २०३१ पर्यंत नॅशनल परमिटवर धावू शकते, पण दिल्लीबाहेरच्या बीएस-४ मालवाहू गाड्यांना दिल्लीत मुभा ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. माल मुंबई, हैदराबाद, बंगळूर किंवा इंदूरला जाणार असेल तर याने काही बिघडत नाही. उत्तरेकडे जाणार असेल तर हा पर्याय आत्ताच वगळावा.

विमा आणि प्राप्तिकर यांवरून निवड करू नये. थर्ड पार्टी विम्याचा गट १२ ते २० टनांचा एकच आहे, त्यामुळे जुनी आणि नवी सहाचाकी दोन्ही त्यातच येतात. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाला अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने बारा टनांवरच्या गाडीसाठी टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न दाखवता येते, म्हणजे जुनीचे १६,२०० आणि नवीचे फार तर १९,०००. फरक नगण्य आहे. जीएसटी मात्र पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला असल्याने, कोणी बीएस-४ चा भाव त्याआधीच्या नव्या गाडीच्या किमतीशी तुलना करून सांगत असेल तर तो भाव चढा समजावा.

बीएस-४ पाहायला जाताना आधी आरसीवरचे एकूण वजन वाचावे, कारण १६.२ आणि १८.५ अशा दोन्ही नोंदींच्या गाड्या या पिढीत आढळतात आणि त्यांच्या किमतीत फरक हवा. युरियाची गाडी असेल तर टाकी रिकामी असूनही मीटरवर दिवा लागत नाही का, हे तपासावे. लागत नसेल तर सेन्सरला फसवणारी डबी बसवलेली आहे असे समजून केबिनची वायरिंग उघडून पाहायला सांगावे, आणि मालक नकार देत असेल तर तिथून निघावे. गाडी थंड असतानाच सुरू करून घ्यावी. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन दाखवले जात असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता पुन्हा जावे.