हॉस्पिटलच्या दाराला फ्लड बॅरिअर: फळ्या पक्क्या, मोरी कच्ची

ॲल्युमिनियमच्या आडव्या फळ्या, दाराच्या दोन्ही अंगांना त्या सरकवायला यू-चॅनेल (यू आकाराची धातूची खाच), फटीत ईपीडीएम या टिकाऊ रबराची पट्टी आणि वरून आवळायला दोन क्लॅम्प. पुराचं पाणी दाराशी अडवायला फ्लड बॅरिअर म्हणून विकला जाणारा माल एवढाच. नदीकाठच्या हॉस्पिटलने तो घ्यावा का? घ्यावा, पण आधी आपली ड्रेनेज लाईन तपासून.

वाळूच्या पोत्यांपेक्षा हे कितीतरी सुटसुटीत. पोत्यांची भिंत टिकायला पाया उंचीच्या तिप्पट लागतो, म्हणजे दोन फुटांना सहा फूट. कॅज्युअल्टीच्या तोंडाशी एवढी जागा आणायची कुठून? शिवाय पूर ओसरल्यावर मैलापाण्यात भिजलेली पोती उचलायला कोणी तयार होत नाही. दीड मीटरच्या दाराला 20 सेंटिमीटरच्या चार फळ्या बसवणं हे सराव असलेल्या दोघांचं पंधरा-वीस मिनिटांचं काम.

फळी सहसा दगा देत नाही, भिंत देते. दीड मीटर रुंदीवर 40 सेंटिमीटर पाणी चढलं तर साधारण 120 किलोचा रेटा बसतो, 80 सेंटिमीटरला तोच 480 किलो. हा सगळा भार चॅनेलच्या बोल्टांवर. प्लास्टरमध्ये किंवा विटांत ठोकलेले फास्टनर तिथेच उपटतात. दाराच्या दोन्ही बाजूंना आरसीसी नसेल तर आधी ते करून घ्या. तीन फुटांच्या वर पाणी अडवायच्या भानगडीत पडू नका, साधी विटांची भिंतच आत येईल.

खालची पट्टी टाइल्सवर टेकवली तर सांध्यांतून पाणी झिरपतंच. तिथे एकसंध ग्रॅनाइट हवा, तोही फरशीच्या पातळीत; उंबरा केलात तर स्ट्रेचर अडतो. रुंद पोर्चला मधला खांब लागतो. त्याच्या फरशीतल्या खोबणीला झाकण मागा, नाहीतर ऐन पावसाळ्यात ती गुटख्याच्या पुड्यांनी भरलेली सापडेल. बिल चुकतं करण्याआधी बाहेर विटांचा तात्पुरता बांध घालून टँकरच्या पाण्याने चाचणी घ्या.

आता मोरी. बाहेरच्या चेंबरात पाणी चढलं की ते पाइपातून उलटं येतं आणि तळमजल्याच्या मोरीतून, कमोडमधून वर उसळतं. दार कितीही घट्ट असलं तरी वॉर्डात घोटाभर पाणी. त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप) बसवतात, पण त्याच्या झडपेत कापूस-बँडेज अडकलं की ती मिटतच नाही. सोबत हाताने फिरवायचा गेट व्हॉल्व्ह हवाच. तो बंद केल्यावर वरच्या मजल्यांचं सांडपाणी तुंबून तळमजल्यावर येतं, म्हणून त्यांची लाईन वेगळी काढा. केबल डक्टची भोकंही बुजवा. एवढं करूनही थोडं झिरपणारच; आत एक एचपीचा मड पंप ठेवा, वरच्या मजल्यावरच्या जनरेटरच्या लाईनवर.

बॅरिअरची धाव गुडघा-कमरेपर्यंतच्या पाण्यापुरती. चिपळूणला 22 जुलै 2021 रोजी तळमजलेच्या तळमजले बुडाले, तिथे या फळ्या काय करणार? तशा जागी पैसा आधी इलेक्ट्रिक पॅनल, जनरेटर आणि ऑक्सिजन मॅनिफोल्ड (सिलिंडर जोडून वॉर्डांना ऑक्सिजन पुरवणारी जोडणी) वर चढवण्यात घाला. सांगलीसारख्या ठिकाणी पाणी फूट-फूट चढतं, हाताशी वेळ असतो: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. चाळिशीला फळ्या दारापाशी आणा, तळमजल्याचे रुग्ण हलवा, लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून तिचा वीजपुरवठा तोडा. फळ्या लागल्या की त्या दारातून स्ट्रेचर जात नाही, तेव्हा बाहेर पडायची दुसरी वाट आधीच ठरलेली असू द्या.

फळ्यांवर दाराचा नंबर रंगवा आणि त्या बेसमेंटात ठेवू नका (ठेवतात!). गॅस्केटचा, म्हणजे फटीतल्या रबरी पट्ट्यांचा, एक जादा संच खरेदीतच मागून घ्या. रबर उंदीर कुरतडतात आणि ते कळतं पाणी दारात आल्यावर.