वॉरंटी संपलेली मॉडेल एस: आठ-नऊ महिने चालवल्यावर मोटर आणि बॅटरीबद्दल

टेस्लाची मॉडेल एस जून २०१२ मध्ये ग्राहकांच्या हातात पडायला लागली तेव्हा ती आमच्या खिशाला झेपणारी गाडी नव्हती. आता इथे कॅलिफोर्नियात २०१४-१५ सालच्या मॉडेल एस साध्या सेडानच्या भावात मिळतात. भाव एवढा उतरायचं मुख्य कारण म्हणजे बॅटरी आणि ड्राइव्ह युनिटवरची आठ वर्षांची वॉरंटी संपलेली असते आणि पुढचा खर्च घेणाऱ्याच्या माथी असतो. मी २०१४ ची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी 'एस ८५' (८५ म्हणजे बॅटरीची क्षमता, किलोवॅट-तासांत) घेतली. आता आठ-नऊ महिने ती रोज रस्त्यावर आहे. या काळात गाडी कुठेही अडकून पडली नाही. त्याचं बरंचसं श्रेय घेण्याआधी केलेल्या तपासणीला आणि घेतल्या घेतल्या करून टाकलेल्या एका कामाला आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी घेतल्याचं कळल्यावर नाशिकहून मावसभावाचा पहिला प्रश्न आला, "दादा, बॅटरी उडाली म्हणजे काय करशील?" सगळे हेच विचारतात. माझं मत असं झालंय, की या वयाच्या मॉडेल एसमध्ये बॅटरीच्या आधी मागच्या मोटरचं एक सील बघावं. बॅटरी त्यानंतर.

मागच्या दोन चाकांच्या मधे एकाच धडात तीन गोष्टी बसवल्यात: मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसी विजेची मोटरसाठी एसी करणारा) आणि त्यांच्या मधे गिअरबॉक्स. गिअर एकच, ९.७३ ला १ असा. या सगळ्याला मिळून ड्राइव्ह युनिट म्हणतात. मोटर इंडक्शन प्रकारची आहे, म्हणजे रोटरमध्ये, तिच्या फिरणाऱ्या भागात, चुंबक नाहीत, तांब्याचे दांडे आहेत. भोवतीच्या स्थिर भागाच्या, म्हणजे स्टेटरच्या, फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या दांड्यांत वीज निर्माण होते आणि रोटर फिरतो. वीज वाहिली की उष्णता आलीच, त्यामुळे या मोटरचा रोटर आतूनच तापतो. तो थंड ठेवायला टेस्लाने रोटरचा मधला दांडा (शाफ्ट) पोकळ ठेवला आणि त्यातून कूलंट फिरवलं. फिरणारा दांडा आणि स्थिर नळी यांच्यामधून कूलंट बाहेर येऊ नये म्हणून तिथे एक सील आहे. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या दांड्यावर ते सतत घासत असतं. कुकरची रिंग जशी वापराने कडक होते, तसंच याचंही होतं, आणि मग कूलंट आत झिरपायला लागतं.

हे झिरपणं बाहेरून दिसत नाही. खाली थेंब पडत नाही, आवाज येत नाही. कूलंट मोटरच्या आत साचतं, बेअरिंगचं ग्रीस खराब करतं, पुढे इन्व्हर्टरकडे सरकतं. पाणी आणि ग्लायकॉलचं ते मिश्रण वीज वाहून नेतं. आत साधारण ४०० व्होल्ट आहेत. उच्च दाबाची वायरिंग आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधलं इन्सुलेशन कमी झालंय हे गाडीच्या लक्षात आलं, की ती स्क्रीनवर इशारा देते आणि बंद केल्यावर पुन्हा सुरू होईलच याची खात्री राहत नाही. तोवर बहुतेक वेळा नुकसान होऊन गेलेलं असतं.

तपासायची पद्धत मात्र अगदी सोपी आहे, आणि गाडी घेणाऱ्याने ती आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी. फक्त इलेक्ट्रिक गाड्यांचं काम करणाऱ्या एका स्वतंत्र गॅरेजमध्ये मी ती करून घेतली. गाडी लिफ्टवर चढवली, खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. मेकॅनिकने मोटरच्या टोकाशी असलेल्या स्पीड सेन्सरच्या आजूबाजूची माती आधी ब्रशने साफ केली, म्हणजे सेन्सर ओढताना ती आत जायला नको. मग एकच बोल्ट सैल करून सेन्सर हलक्या हाताने बाहेर काढला. अंगठ्याएवढी वस्तू, तिच्यावर एक काळी ओ-रिंग. पांढऱ्या टिश्यूवर तिचं टोक टेकवून त्याने मला दाखवलं. सील गळत असेल तर टोक ओलं निघतं, जुनी गळती असेल तर वाळलेल्या कूलंटचा निळसर-पांढरा थर दिसतो. आमच्या सेन्सरचं टोक कोरडं होतं. टॉर्च मारून भोकातही पाहिलं, तिथेही ओल नव्हती. एवढ्या तपासणीला अर्धा-पाऊण तास लागतो. विकणारा याला तयार नसेल, तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्यावी.

सील कोरडं असतानाही मी काम करून घेतलं, कारण इतक्या वर्षांच्या सीलवर किती दिवस भरवसा ठेवायचा? इथे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे नवीन, सुधारित सील बसवणं. दुसरा म्हणजे रोटरमध्ये कूलंट जाऊच न देणं. त्यासाठी जुनी नळी काढून वेगळा मॅनिफोल्ड (कूलंटला वाट देणारा जोडभाग) बसवतात, कूलंट इन्व्हर्टर आणि स्टेटरमधून फिरतं पण दांड्यात शिरत नाही. इथले लोक याला 'कूलंट डिलीट' म्हणतात. मी दुसरा मार्ग निवडला. ड्राइव्ह युनिट पूर्ण बदलायला जो खर्च सांगतात, त्याच्या निम्म्याहून बराच कमी आला.

याच्यावर आक्षेप आहे, आणि तो योग्य आहे. रोटर थंड करायला कूलंट ठेवलं होतं ते काही उगीच नाही. ते बंद केलं की रोटरची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून काम झाल्यावर मी मुद्दाम चढाची परीक्षा घेतली. लॉस एंजेलिसकडे जाताना आय-५ वर टेहोन पासचा चढ आहे, माथा १,२६३ मीटरवर. उन्हाळ्यातल्या दुपारी, घरचे चौघे आणि सामान घेऊन, एसी चालू ठेवून हायवेच्या वेगाने चढलो. नंतर टाहोला जाताना आय-८० चा डॉनर समिटचा चढही झाला, तो त्याहून बराच उंच आणि लांब. दोन्हीकडे ताकद कमी केल्याची खूण पॉवर मीटरवर आली नाही. रेस ट्रॅकवर नेणाऱ्याने किंवा सारखं पूर्ण ताकदीने पळवणाऱ्याने हा बदल करू नये, नवीन सीलच बसवावं. रोजच्या वापराला मला तरी काही फरक जाणवलेला नाही.

त्याच वेळी गिअर ऑइलही बदललं. ड्रेन प्लगला लोहचुंबक असतं. त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट होती, बोटावर घेतली की शिशाच्या पेन्सिलीसारखी पसरणारी. ही नेहमीची झीज. टोचतील असे कण किंवा चकत्या निघाल्या असत्या, तर गिअर किंवा बेअरिंग गेलंय असं समजायचं.

या ड्राइव्ह युनिटची दुसरी प्रसिद्ध तक्रार म्हणजे आवाज. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांत हलका वेग घेताना गिरणीत दळण चाललंय असा घरघर आवाज यायचा आणि टेस्लाने तेव्हा अनेक युनिटं वॉरंटीत बदलून दिली. ऑगस्ट २०१४ मध्ये तर कंपनीने ड्राइव्ह युनिटची वॉरंटी आठ वर्षं, कितीही मैल अशी केली आणि ती आधीच्या ग्राहकांनाही लागू केली. आवाजामागे असणाऱ्या कारणांपैकी एक समजून घेण्यासारखं आहे. इन्व्हर्टर वीज अत्यंत वेगाने चालू-बंद करतो, त्यातून मोटरच्या दांड्यावर थोडा विद्युत दाब तयार होतो. तो दाब बेअरिंगच्या गोळ्यांमधून ठिणगीच्या रूपाने निघून जातो आणि प्रत्येक ठिणगी पोलादावर सूक्ष्म खड्डा पाडते. असे असंख्य खड्डे झाले की बेअरिंग गुणगुणायला लागतं. सिरॅमिक गोळ्यांमधून वीज जात नाही, म्हणून दुरुस्तीत आता तीच बेअरिंग वापरतात. माझं युनिट उघडलेलंच होतं, त्यामुळे तीही बसवून घेतली. मजुरी एकदाच पडली. टेस्ट ड्राइव्हला रेडिओ आणि पंखा बंद करून, काचा वर करून ताशी ३० ते ४० मैलांवर हळूच पॅडल दाबा आणि सोडा. आवाज असेल तर तिथेच पकडता येतो.

आता बॅटरी. ८५ च्या पॅकमध्ये १८६५० आकाराचे ७,१०४ सेल आहेत. ७४ सेल एकत्र जोडून एक गट, असे ९६ गट एकामागे एक, आणि ते १६ मॉड्युलमध्ये वाटलेले. ही रचना ध्यानात ठेवली की दोष कसा येतो ते कळतं. सगळी बॅटरी सहसा एकदम मरत नाही. एखादा गट इतरांपेक्षा खाली पडतो आणि पूर्ण पॅक त्याच्या मर्यादेत अडकतो. मग चार्जची कमाल मर्यादा कमी केल्याचा संदेश येतो, बीएमएस_यू०२९ या कोडसकट (बीएमएस म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा). हा कोड पुसता येतो, दोष मात्र तसाच राहतो, आणि काही आठवड्यांनी कोड परत येतो. म्हणून स्क्रीनवर संदेश नाही एवढ्यावर खूश होऊ नये. डायग्नॉस्टिक कनेक्टरला अ‍ॅडॉप्टर लावून मोबाइलवर प्रत्येक गटाचा व्होल्टेज पाहता येतो. आमच्या गाडीत सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या गटातला फरक काही मिलिव्होल्टचाच आहे. दर एक-दोन महिन्यांनी मी तो पाहून वहीत लिहितो. एकच गट सातत्याने मागे पडायला लागला तर तो आधी इथे दिसेल.

नवीन असताना या गाडीची ईपीए रेंज, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी चाचणीनुसार एका चार्जमधलं अंतर, २६५ मैल होती. आता पूर्ण चार्जला २४० च्या आसपास दाखवते. एवढ्या वर्षांत एवढी घट मला तरी मान्य आहे. घरी गॅरेजमधल्या २४० व्होल्टच्या प्लगवर रात्री चार्ज करतो, रोज ८० टक्क्यांपर्यंत, लांब जायचं असेल तेव्हाच १००.

रेंजचे आकडे वाचताना २०१९ चं प्रकरण माहीत हवं. हाँगकाँग आणि शांघायमध्ये मॉडेल एसला आग लागल्याच्या घटनांनंतर मे २०१९ मध्ये टेस्लाने एक अपडेट पाठवलं, त्यानंतर काही गाड्यांचा कमाल व्होल्टेज कमी झाला, आणि त्याबरोबर रेंजही. मालक कोर्टात गेले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या १,७४३ गाड्यांच्या मालकांना प्रत्येकी ६२५ डॉलर देऊन तडजोड झाली. तोवर बऱ्याच गाड्यांचा व्होल्टेज पुढच्या अपडेटमधून पुन्हा वाढवलेला होता. त्यामुळे तुम्ही बघताय त्या गाडीची रेंज कमी दिसली तर सेल म्हातारे झालेत की सॉफ्टवेअरने हात आखडलाय, हे वेगळं करून विचारायला हवं.

पॅकच्या आत ओलावा शिरून गंज चढणं हाही जुन्या गाड्यांचा ठरलेला आजार. बर्फ पडणाऱ्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, तिथली गाडी घेताना खालून जास्त बारकाईने पाहावं. मी याच कारणाने कॅलिफोर्नियात वाढलेली गाडी शोधली.

बॅटरी बदलायचा खर्च पाच आकडी डॉलरमध्ये जातो, आणि भीती तिथूनच येते. डिसेंबर २०२१ मध्ये फिनलंडमधल्या एका मालकाने हा खर्च ऐकून आपली २०१३ ची मॉडेल एस ३० किलो डायनामाइट लावून उडवली, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. मला तो बघवला नाही. त्या गाडीत कामाच्या किती तरी गोष्टी होत्या: मोटर, चार्जर, हजारो चांगले सेल. आज पॅक उघडून खराब मॉड्युल शोधणारे, कॉन्टॅक्टर (विजेचे मोठे स्विच) किंवा फ्यूज बदलून देणारे कारागीर आहेत. जुन्या पॅकमध्ये बसवलेलं एकच मॉड्युल बाकीच्यांशी जुळवून घेईलच असं नाही, त्यामुळे ती दुरुस्ती किती टिकेल याबद्दल मात्र लेखी हमी मागावी. उलट बाजूचं उदाहरण जर्मनीतलं. तिथल्या एका मालकाने मॉडेल एसवर १० लाख किलोमीटरच्या पुढे मजल मारली, आणि त्याच्या प्रवासात मोटर जितक्या वेळा बदलली तितक्या वेळा बॅटरी बदलावी लागली नाही.

राहिली छोटी १२ व्होल्टची बॅटरी. मोठ्या पॅकला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर हिच्यावर चालतात. ही मेली, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. मी वर्षाचा शिक्का पाहिला आणि इशाऱ्याची वाट न बघता नवीन बसवली.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला टेस्लाचं शोरूम सुरू झालं ते मॉडेल वाय घेऊन. तिचं ड्राइव्ह युनिट निराळ्या रचनेचं आहे. रोटर आणि स्टेटर थंड करायला आत तेल फिरतं आणि कूलंट त्या तेलाला बाहेरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये थंड करतं, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यात कूलंट नाही आणि वर वर्णन केलेलं सीलही नाही. इथे अमेरिकेत जुनी घेणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावं, की वर सांगितलेलं मोठं ड्राइव्ह युनिट फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांतच आहे असं समजू नये. परफॉर्मन्सच्या दोन मोटरवाल्या गाड्यांच्या मागेही तेच बसवलेलं असे. तिथेही सेन्सर काढून बघायला सांगा, आणि आधी युनिट बदललेलं असेल तर त्याचं बिल मागून त्यावरची तारीख बघा. २०१६ मध्ये बदललेलं युनिटही आता जुनंच झालंय.