प्लॅट नदीवरचे क्रेन: ब्लाइंड घ्यायचा की पुलावरून बघायचं?

मार्चमध्ये अमेरिकेत नेब्रास्काला सँडहिल क्रेन, म्हणजे आपल्या सारसाचे भाऊबंद पक्षी, बघायला जायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो, पैसे भरून ब्लाइंड (लपून पक्षी बघायची खोली) बुक करायचा की पुलावर जाऊन उभं राहायचं. मी दोन्ही केलंय म्हणून सांगते.

गिबन गावाजवळ रो सँक्च्युअरी आहे, तिथला ब्लाइंड म्हणजे नदीकाठची लाकडी खोली, भिंतीला छोट्या खिडक्या. पहाटे अंधारात गाइडच्या मागे गुपचूप चालत जायचं, आत हीटर नाही, फ्लॅश नाही, मोबाईलचा उजेडसुद्धा नाही आणि मधेच उठून जाता येत नाही. सुरुवातीला दिसत काहीच नाही, नुसता आवाज, घशात खुळखुळा वाजवल्यासारखा, हजारो पक्ष्यांचा एकदम. मग फटफटायला लागतं आणि इतका वेळ जो वाळूचा पट्टा वाटत होता तोच हलायला लागतो! सगळे क्रेन, पाऊलभर पाण्यात उभे. कोयोटीपासून (कोल्ह्या-लांडग्यासारखा तिकडचा शिकारी प्राणी) वाचायला रात्र अशी उथळ पाण्यात काढतात.

पूल म्हणजे फोर्ट कर्नीचा जुना रेल्वेपूल, आता चालायला आणि सायकलला. गाडीला पार्क परमिट लागतं, बाकी खर्च नाही. इथे संध्याकाळ बेस्ट, थवे पाय खाली सोडून पॅराशूटसारखे उतरतात, पण कधीकधी पुलापासून खूप लांब, त्यामुळे दुर्बीण हवीच. लहान मुलं असतील तर डोळे झाकून पूल घ्या, दोन तास गप्प बसवणं त्यांच्यावर अन्याय आहे.

दिवसा दोघांनाही सारखंच, क्रेन मक्याच्या शेतात सांडलेले दाणे टिपत असतात, गाडीतूनच बघा, उतरलात की उडतात आणि पुढच्या लांबच्या प्रवासासाठी साठवायची चरबी उगाच खर्च होते. गोंदियाला भाताच्या शेतात सारसाची एक जोडी दिसली तरी आपण हरखतो, इथे सीझनला पाच लाखांच्या वर क्रेन येतात.

बदकं आणि स्नो गीज जास्त बघायचे असतील तर मात्र फेब्रुवारीअखेर ते मार्चची सुरुवात पकडा आणि दक्षिणेला रेनवॉटर बेसिनच्या पाणथळींवर, फंक गावाकडे जा. क्रेनची खरी गर्दी मार्चच्या उत्तरार्धात.

एकच गोष्ट जमणार असेल आणि मोठी माणसंच असाल तर मी ब्लाइंडच म्हणेन, पहाटेचा. दोन दिवस असतील तर आधी संध्याकाळी पूल, दुसऱ्या दिवशी पहाटे ब्लाइंड, मुक्काम कर्नीला, आणि हातमोजे दोन जोड घ्या.